बाराबंदी रेडिमेड घ्यायची की शिवून?

जानेवारी सरत आला की मित्रांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. यंदा १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या मिरवणुकीत काय घालायचं? कुणीतरी मोबाईलवर 'मावळा ड्रेस'चा चकचकीत फोटो टाकतो. कुणी सुरतला जाणाऱ्या मामाच्या हाती पैसे देतो. कुणी धुळ्याच्या बाजारात जाऊन 'कितलाले शे, भाऊ?' एवढंच विचारतो आणि पिशवी घेऊन पिंपळनेरच्या एसटीत बसतो.

किंमत विचारायलाच हवी. घरातल्या कांद्याच्या पैशातूनच तर ती जाणार! पण त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारा. हा ड्रेस घालून दोन्ही हात डोक्यावर नेता येतात का?

प्रश्न साधा वाटतो, पण सगळी मेख तिथंच आहे. लेझीम खेळायची तर हात वर जाणार. ढोल वाजवायचा तर खांदे सारखे हलणार. दांडपट्टा फिरवणाऱ्याचं तर विचारूच नका. बहुतेक रेडिमेड ड्रेस फोटोत उभं राहण्यापुरते शिवलेले असतात. वर सॅटिन किंवा वेल्वेट, कडेला सोनेरी लेस, मागं वेल्क्रो. कापड कृत्रिम धाग्याचं, ते घाम शोषत नाही. मुंढा खाली उतरलेला, त्यामुळे हात वर केला की अख्खा ड्रेस वर चढतो, नाहीतर काखेत टरकन फाटतो. आणि उन्हात दोन-तीन तास चालल्यावर वेल्वेटच्या आत काय होतं, ते घालणाऱ्यालाच विचारा.

आता मूळ बाराबंदी कशी असते ते बघा. अंगाला बेताची बसणारी, समोर एका बाजूवर दुसरी बाजू येणारी आणि बंदांनी बांधायची. बारा बंद, म्हणून बाराबंदी. बटण नाही, हुक नाही, चेन नाही. जेवण जास्त झालं तर बंद थोडा सैल सोडा, वर्षभरात बारीक झालात तर घट्ट ओढा. हा काही संग्रहालयात ठेवून दिलेला पोशाख नाही. सोलापुरात दर जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि पांढऱ्या बाराबंदीतले भाविक ते उंच, जड ध्वज पेलत चालतात. म्हणजे हा कपडा कष्टाच्या कामाला चालतो, हे तिथं दरवर्षी दिसतं.

युरोपातल्या जुन्या पोशाखांचे शौकीनही याच पेचात असतात. त्यांचा पेच कॉर्सेटचा. कमरेला आवळून बांधायची ती चोळी. पूर्वी तिच्यात देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या घालत, पुढं पोलादी पट्ट्या आल्या. कारखान्यात शिवलेली कॉर्सेट ठरावीक मापाची असते. ती नेमकी तुमच्या अंगाची नसेल, तर बरगडीला टोचते. म्हणून जाणकार आधी स्वस्त कापडाची एक कच्ची चोळी शिवून बघतात. ही युक्ती आपणही उचलावी.

तुमच्याकडे महिना असेल तर असं करा. लग्नसराईची कामं अंगावर यायच्या आत गावातल्या शिंपीकाकांना गाठा. मोठ्या माणसाला साधारण अडीच-तीन मीटर सुती कापड लागतं. नेमकं किती, ते कापडाचा पन्हा बघून काकाच सांगतील. कापड आधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर शिवल्यावर आटेल. मग थोडं मांजरपाट घेऊन आधी कच्चं शिवून घ्या. ते घालून तीन गोष्टी करा: हात वर, मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसून उठणं. काखेत ओढ बसली तर तिथं एक छोटा चौकोनी तुकडा जोडायला सांगा. जुन्या शिवणीत हात मोकळा राहायचा तो या तुकड्यामुळेच. हे जमलं, की मगच चांगल्या कापडाला कात्री लावा. आणि शिवणीत माया सोडायला विसरू नका. पुढच्या वर्षी अंग भरलं तर तीच कामी येईल.

मग रेडिमेड घ्यायचंच नाही? असं कुठं म्हटलं! पाच वर्षांच्या भाच्याला वर्षभरात तो ड्रेस आखूड होणारच, त्याला रेडिमेडच बरं. गॅदरिंगमध्ये दहा मिनिटांचं नाटुकलं असेल तर भाड्यानं आणा. पगडी, कंबरेचा शेला बाजारातून आणला तरी बिघडत नाही. मधला रस्ताही आहे. ड्रेस विकत घ्या, पण घेताना उलटा करून आतल्या शिवणी बघा. माया असेल तर शिंपी काख मोकळी करून देतील, आतून सुती अस्तर लावतील, वेल्क्रो काढून बंद जोडतील. माया नसेल तर तो ड्रेस तिथंच ठेवा.

मैत्रिणींनो, तुमच्या बाबतीत गणित उलटं आहे. शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी पटकन चढते, हे खरं. पण तिची कंबर एकदाच ठरते. न शिवलेली नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर अखंड कापड. ते आजीला बसतं, तुम्हालाही बसतं, आणि नेसायला शिकवणारी आजी घरातच असते. शिलाईचे पैसे खर्चायचेच असतील तर चोळीवर खर्चा. मापाचा खरा प्रश्न तिथं आहे.

आणि 'साध्या सुती कपड्यात रुबाब येत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला भानू अथय्या यांचं नाव सांगा. कोल्हापुरात जन्मलेल्या या वेशभूषाकार ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना हा मान मिळाला, तो 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी. खादीची धोतरं, सुती साड्या, साधे सदरे यांनी भरलेला चित्रपट तो!

तेव्हा यंदा हिशेब असा मांडा. ड्रेसची किंमत भागिले तो किती वेळा घालणार. एकदाच वापरून माळ्यावर जाणारा ड्रेस स्वस्त असूनही महागच पडतो. बंदांची सुती बाराबंदी मात्र पाच जयंत्या तुम्ही घालाल आणि सहाव्या वर्षी धाकटा भाऊ मागून नेईल. लेझीम खेळताना हातही थेट वर जातील.