कोपीवरचा दवाखाना

दसरा उलटला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर, धाराशिव या जिल्ह्यांतील कित्येक गावे हळूहळू रिती होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी आपले बिऱ्हाड बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये भरून पश्चिम महाराष्ट्रातील, कधी सीमेपलीकडच्या कर्नाटकातील, साखर कारखान्यांची वाट धरतात. ऊसतोडीच्या व्यवहारात पतिपत्नींच्या या जोडीला ‘कोयता’ असेच म्हणतात. हिशेब माणसांचा न होता कोयत्यांचा होतो. निरनिराळ्या अंदाजांनुसार राज्यातील या मजुरांची संख्या आठ लाखांहून अधिक भरते. वर्षातील पाच-सहा महिने एवढा मोठा समाज पाचटाच्या कोप्यांत, रस्त्याच्या किंवा ओढ्याच्या कडेला राहतो आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततो.

या मुक्कामांवर आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी काही ठिकाणी एक दवाखाना भरतो. एखादे टेबल, औषधांची पेटी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, एक-दोन डॉक्टर, एखादी परिचारिका आणि वैद्यकीय महाविद्यालयातील चार विद्यार्थी एवढाच त्याचा संसार. फी नाही, केसपेपरचे पैसे नाहीत. काम करणाऱ्यांनाही मोबदला नसतो. तो संध्याकाळीच भरावा लागतो, यामागे एक कारण आहे. पहाटे फडात गेलेले माणूस दिवसा दवाखान्यात येऊ शकत नाही. आजारी पडून घरी राहिले तर खाडा धरला जातो आणि तो उचलीच्या हिशेबात वळता होतो. ज्याच्या आजारपणालाही दंड बसतो, त्याला सरकारी दवाखान्याची सकाळची वेळ सोयीची कशी ठरावी? तालुक्याच्या गावी रुग्णालय आहे, उपचारही विनामूल्य आहेत. परंतु एका दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे धरले तर तो विनामूल्य उपचार महाग पडतो. माणसाच्या दारापर्यंत आणि त्याच्या सवडीच्या वेळी जाणे, हा या स्वयंसेवी दवाखान्यांचा पहिला आणि मोठा गुण होय.

तेथे येणाऱ्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. कोयत्याचे घाव, उसाच्या पात्याने कापलेले हातपाय, मोळ्या वाहून धरलेली कंबर व मान, मुलांचे जुलाब आणि खोकला, स्त्रियांचा रक्तक्षय. यांतील कशाचेही निदान करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. प्रश्न निदानानंतर सुरू होतो. कंबरदुखीवर विश्रांती सांगावी, तर ती देणार कोण? रक्तक्षयावर सकस आहार आणि अनेक महिने लोहाच्या गोळ्या सांगाव्यात, तर पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या गावाच्या शिवारात गेलेली असते. क्षयरोगाचा साधा उपचारही किमान सहा महिन्यांचा. ऊसतोडीचा हंगाम जवळजवळ तेवढाच, आणि त्यातही मुक्काम अनेकदा बदलतो. उपचार अर्धवट राहिला की रोग अधिक चिवट होतो. तेव्हा तीन दिवसांच्या गोळ्या बांधून देणारे शिबिर रुग्णाला तात्पुरता दिलासा देते, हे खरे. पण तेवढ्यावरच समाधान मानले तर ते सेवेचे समाधान ठरेल, आरोग्याचे नव्हे.

उपचार हाताशी नसण्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे २०१९ साली उघडकीस आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पत्रकार व महिला संघटनांनी ऐरणीवर आणला. शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आढळते. वयोगटांतील फरक जमेस धरला तरी ही तफावत सुन्न करणारी आहे. पाळीच्या दिवसांत न मिळणारे पाणी, शौचालयाचा अभाव, बाळंतपणानंतर लगेच उचलावे लागणारे ओझे, अंगावर काढलेला साधा जंतुसंसर्ग आणि खाड्याची धास्ती, अशी ही साखळी आहे. गोळ्या व स्वच्छ पाणी यांनी जे बरे झाले असते, त्यावर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. ‘पिशवी काढली की कटकट गेली’ असे अनेकींना सांगण्यात आले, आणि शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फेडण्यास त्याच पुन्हा फडात उतरल्या.

वहीचे महत्त्व

या प्रकरणात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या स्त्रियांचे दुखणे कित्येक वर्षांचे होते. आकडा हाती आला तेव्हाच ते सार्वजनिक झाले. म्हणून स्वयंसेवी दवाखान्यात औषधांच्या पेटीइतकेच मोल तेथील वहीला आहे. कोणत्या टोळीत किती जणांना कंबरदुखी, किती गरोदर स्त्रिया मोळ्या वाहतात, किती मुलांच्या लशी राहून गेल्या, याची नीट नोंद झाली तर एकेकट्याचे दुखणे हा समाजाचा पुरावा बनतो. अर्थात रुग्णाचे नाव उघड होणार नाही, ही दक्षता त्यात आलीच.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील द्राक्षे व भाजीपाला तोडणारे मजूर, मुख्यतः मेक्सिकन व फिलिपिनो, हंगामामागे असेच फिरत असत. त्यांच्यासाठी दवाखान्यांना अनुदान देणारा कायदा १९६२ साली अध्यक्ष केनेडी यांच्या सहीने झाला, तरी गरज फार मोठी होती. डेलानो येथे १९६५ साली द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला, तेव्हा सीझर चावेझ यांच्या संघटनेने स्वयंसेवी परिचारिका व डॉक्टरांच्या मदतीने मजुरांसाठी औषधोपचाराची सोय उभी केली. त्यातीलच एक परिचारिका मॅरियन मोझेस पुढे स्वतः डॉक्टर झाल्या आणि कीटकनाशकांमुळे शेतमजुरांना होणाऱ्या विकारांच्या अभ्यासाला त्यांनी आयुष्य वाहिले. त्याच काळात तेथील मळ्यांत जेमतेम फूटभर दांड्याचे खुरपे वापरण्याची सक्ती होती. दिवसभर कंबरेत वाकून मजुरांचे मणके कायमचे निकामी होत. लांब दांड्याने पीक बिघडेल, असा मालकांचा दावा होता. डॉक्टरांनी साक्षी दिल्या, वकिलांनी वर्षानुवर्षे झुंज दिली आणि १९७५ साली त्या खुरप्यावर बंदी आली. पाठदुखीवर लाखो गोळ्या वाटून जे साधले नसते, ते दांड्याची लांबी बदलून साधले.

कायद्याच्या फटी

ऊसतोड मजूर मात्र बहुतेक कायद्यांच्या फटीत सापडतो. १९७९ सालच्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजुरांना विनामूल्य वैद्यकीय सोय देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. बीडचा मजूर बेळगावकडे गेला तर तो कायद्याच्या कक्षेत येई. तोच कोल्हापूरकडे वळला तर कक्षेबाहेर. २०२० सालच्या कामगार संहितेत हा कायदा विलीन झाला, पण ‘आंतरराज्य’ हा शब्द कायम राहिला. कामगारांच्या आरोग्यविम्याचा १९४८ सालचा कायदा करतानाच हंगामी कारखाने वगळण्यात आले, आणि साखर कारखाना हा तर हंगामी कारखान्याचा ठळक नमुना. त्यातून तोडणी मजूर कोणाचा, या प्रश्नाला कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे. गावच्या आरोग्य केंद्राच्या यादीत त्याचे नाव असते, तेव्हा तो गावात नसतो. तो जेथे असतो, तेथील यादीत त्याचे नाव नसते.

अशा स्थितीत काही डॉक्टर स्वेच्छेने धावून जातात, याचे मोल कमी नाही. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या परिसरात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. रुग्णांची शुश्रूषा करतानाच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंनी देह ठेवला. परंतु एखाद्याच्या त्यागावर विसंबून शासनाने व साखर उद्योगाने आपली जबाबदारी विसरावी, असा या परंपरेचा अर्थ कोणी काढू नये. स्वयंसेवकांच्या सुट्ट्या संपतात, परीक्षा येतात, देणगी आटते. मजुरांचे आजारपण मात्र चालूच राहते.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. गाळपाच्या हंगामात कारखाना परिसरातील आरोग्य केंद्रे संध्याकाळी उघडी ठेवता येतील. टोळीतीलच एखाद्या शिकलेल्या स्त्रीला प्रथमोपचार शिकवून औषधांची पेटी तिच्या हाती देता येईल. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठविण्याची व्यवस्था आहे. तीच गरोदर स्त्रियांसाठी व लहान मुलांसाठी काटेकोरपणे राबविता येईल. आजारपणाचा खाडा धरू नये, एवढा नियम तर कारखान्यांना पैशाच्या फारशा झळीशिवाय पाळता येईल.

या कामास केवळ डॉक्टरच हवेत असेही नाही. नोंदवही शिक्षक ठेवू शकतो, अर्ज कारकून लिहू शकतो, गावाकडच्या आरोग्य केंद्राला पत्र धाडण्याचे काम विद्यार्थी करू शकतो. पट्टा पडल्यावर बिऱ्हाड पुन्हा गाडीत चढते, तेव्हा भांडी, अंथरुणे आणि उचलीची बाकी बरोबर असतेच. त्या सामानात पूर्ण भरलेले एक आरोग्यपत्र असावे, आणि गावी पोहोचल्यावर ते वाचून पुढचे औषध देणारे कोणीतरी तेथे हजर असावे. फडातून परतणाऱ्या स्त्रीची अपेक्षा याहून मोठी नाही. ती तरी पुरी व्हावयास हवी.