बिडीचा आराम फसवा

‘बिडी ओढली की मन हलकं होतं, डोकं चालतं,’ असे खेड्यातील अनेक वृद्ध मला सांगतात. हा आराम फसवा असतो. निकोटीनचा अंमल उतरला की बेचैनी व चिडचिड सुरू होते. पुढची बिडी तेवढीच शमवते, मूळची चिंता नव्हे. शिवाय धुराने मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होतात. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत धूम्रपान आणि नैराश्य दोन्ही आहेत. बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे जड जातात, पण नंतर मन स्थिरावते. साठीनंतरही सोडल्याचा फायदा होतो. उदासी वा विसर वाढल्यास ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बिडी सोडण्यासाठी १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो.