सायकलची डिस्क: मोठी म्हणजे चांगली नव्हे

सुरतेत उधन्यापासून अडाजणपर्यंत, माउंटन बाइक घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘पुढेमागे 203 मिलिमीटरची डिस्क टाक, सायकल जागच्या जागी थांबेल.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

सायकल शेवटी थांबते ती टायरच्या पकडीवर. चाक जाम करण्याइतका जोर 160 मिलिमीटरचा चांगला ब्रेकही देतो. त्यापुढे डिस्क कितीही वाढवा, टायर घसरणारच. डुमसच्या वाळूत तर लगेच.

मग मोठी डिस्क कशासाठी? 160ऐवजी 203 लावली, की बोटांच्या तेवढ्याच दाबात ब्रेकचा जोर सुमारे सव्वापट होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उष्णता झेलायला जास्त धातू मिळतो. स्वार आणि सायकल मिळून 90 किलो वजन 300 मीटर खाली आलं, तर सुमारे 265 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळतं! त्यातली काही हवेच्या विरोधात जाते, उरलेली बहुतेक ब्रेकवर येते. सापुताऱ्याचा घाट ब्रेक दाबून धरून उतरलात, तर छोटी डिस्क तापते आणि पॅडची पकड सुटू लागते.

म्हणून सपाट सुरतेत दोन्हीकडे 160 पुरे. घाट उतरणार असाल, तर पुढे 180. वजन जास्त आणि उतार लांब असेल, तरच पुढे 203. तेही फोर्कच्या माहितीपुस्तिकेतली कमाल मर्यादा पाहून. अडॅप्टर बसला म्हणून फोर्कची ताकद वाढत नाही, हे किती वेळा सांगायचं?

ब्रेकबद्दलचे आणखी काही गैरसमज:

‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो.’ एकदम आवळला तर. वेग कमी होताना भार पुढे येतो, त्यामुळे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो.

‘डिस्क म्हणजे हायड्रॉलिक.’ स्वस्त सायकलींवर बहुधा केबलचीच असते.

‘कुठलंही ब्रेक ऑइल चालतं.’ शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. त्यात डॉट द्रव घातला तर सील खराब होतात.

‘पॅड कुठलेही लावा.’ शिमानोच्या काही डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं छापलेलंच असतं. वाचा.

‘आवाज आला की तेल सोडा.’ कधीच नाही! पॅड तेल शोषतात आणि ब्रेक लागेनासा होतो.

पैसे हाताशी असतील, तर आधी चांगले टायर आणि नवे पॅड घ्या. डिस्कचा विचार त्यानंतर.