कलमी की रायवळ?

आमच्या घरात जपानचा शिरकाव झाला तो गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर. आठवीतली नात एका संध्याकाळी पांढराशुभ्र सदरा-लेंगा घालून घरी आली, दारातच कमरेत वाकली आणि मला म्हणाली, "ओस!" मला वाटले, पोरीच्या पोटात दुखते आहे. सौ. तर ओवा घेऊन धावली. मग उलगडा झाला, की चिरंजीवांनी तिला कराटेच्या वर्गात घातले असून हा तिथला नमस्कार आहे!

मुलगी चार हात करायला शिकते आहे याचा आम्हां दोघांनाही आनंदच झाला. पण नवरात्राच्या सुमारास तिने एक छापील पत्रक माझ्या हाती ठेवले. 'नऊशे वर्षांची अखंड सामुराई परंपरा! बोधिधर्माने भारतातून नेलेली विद्या पुन्हा भारतात!' असा त्यावर मथळा होता. खाली दीक्षाशिबिराची माहिती होती. शिबिरात परंपरेच्या गुप्त गुंडाळीचे दर्शन आणि जपानी प्रमाणपत्र मिळणार होते. शुल्क मात्र वर्षाच्या फीच्या तिप्पट.

"आजोबा, सगळ्या मुली जाणार आहेत," नात म्हणाली.

मी भूमिअभिलेख कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. 'ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या आमचीच' असे सांगणारा आमच्याकडे रोज एक तरी येई. त्याला आम्ही नम्रपणे एवढेच म्हणायचो, "फेरफार दाखवा." जमीन बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे आली असेल, तर प्रत्येक वेळची नोंद कोठेतरी असतेच. विद्येचेही असेच असले पाहिजे, असे मला वाटले. चिरंजीवांकडून पुस्तके मागवून घेतली आणि पडवीत आरामखुर्ची टाकून मी जपानचे दप्तर तपासायला बसलो.

पहिलाच फेरफार अडला. कराटेचे मूळ गाव जपानची मुख्य भूमी नव्हे, तर दक्षिणेकडचे ओकिनावा बेट. हे बेट जुन्या रियुक्यू राज्यातले, चीनशी व्यापार करणारे. तिथली ही विद्या फुनाकोशी गिचिन या शाळामास्तरांनी १९२२ साली तोक्योत दाखवली आणि तिथून पुढे ती मुख्य भूमीवर पसरली. तिचे नाव पूर्वी 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. त्याऐवजी 'रिकामा हात' अशी अक्षरे वापरावीत, यावर १९३६ साली ओकिनावातल्या नाहा येथे उस्तादांची बैठक झाली. उलट सामुराईंचा तलवार बाळगण्याचा हक्क १८७६ च्या सरकारी हुकमानेच संपला होता. म्हणजे कराटे तोक्योत पोचले तेव्हा ते शिकायला सामुराई उरलेच नव्हते!

दुसरा फेरफार काळ्या पट्ट्याचा. त्याची प्रथा कानो जिगोरो यांच्या ज्यूदोतून आली, आणि कानोंनी आपली कोदोकान ही शाळा काढली १८८२ साली. रंगीत पट्ट्यांची लांबलचक शिडी तर त्याहूनही अलीकडची, विसाव्या शतकातली.

मग जपानात जुन्या परंपरा नाहीतच काय? आहेत ना! चिबा प्रांतातल्या कातोरी देवस्थानाजवळ 'तेनशिन शोदेन कातोरी शिंतो-र्‍यू' नावाची शाळा आहे. ती पंधराव्या शतकात इइझासा इएनाओ यांनी काढली असे परंपरा सांगते. १९६० साली चिबा प्रांताच्या सरकारने तिला सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. तिथे प्रवेश घेताना शपथपत्रावर बोटाच्या रक्ताचा ठसा उमटवण्याची चाल आहे. विद्या पुरी झाली की गुरू शिष्याला 'मेन्क्यो काइदेन' म्हणजे संपूर्ण विद्येचा परवाना देतो. असे परवाने, शिष्यांच्या याद्या, विद्येच्या गुंडाळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. वातातानी आणि यामादा या दोन जपानी अभ्यासकांनी असल्या शाळांचा मोठा कोशच रचला आहे. कोणी 'आमची शाळा अमुक शतकातली' म्हणाला, की जाणकार आधी तो कोश उघडतात.

यात एक मेख आहे. या अस्सल शाळांच्याही मुळाशी दंतकथा असतात. कातोरीच्या संस्थापकाला ही विद्या साक्षात देवाने दिली असे सांगतात. पण म्हणून शाळा खोटी ठरत नाही. दंतकथेच्या जागी दंतकथा आणि नोंदीच्या जागी नोंद ठेवली म्हणजे झाले. आपणही तेच करतो की! परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि हे कोकण वसवले, असे आम्ही श्रद्धेने सांगतो. चिपळूणजवळ परशुरामाच्या देवळात जाऊन नमस्कारही करतो. पण सात-बाराच्या उताऱ्यावर परशुरामाचे नाव लावा, असा अर्ज घेऊन आमच्या कचेरीत कोणी आले नाही.

बोधिधर्माचे प्रकरण याच जातीचे. शाओलिनच्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला, ही गोष्ट ज्या चिनी ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० सालीच या कथेतली हवा काढून घेतली होती. भारताचा अभिमान मलाही आहे, पण त्यासाठी उसना दाखला कशाला? आपला मल्लखांबच पाहा. मल्लांच्या खांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो, आणि आजच्या मल्लखांबाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. मधल्या काळाबद्दल आपण उगाच काही सांगत नाही. म्हणून मल्लखांबाचे काही बिघडले काय?

इतकी तयारी झाल्यावर एका संध्याकाळी मी वर्गावरच गेलो. खरे सांगायचे तर मनातून भांडायच्या तयारीने गेलो होतो. पण कोपऱ्यात बसून तासभर शिकवणे पाहिले आणि माझा जोर ओसरला. मास्तर तिशीचे. एका लहानग्याला ते पाठीवर पडायला शिकवत होते आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोक्याखाली स्वतःचा तळहात धरत होते. एक मुलगी लंगडताना दिसली, तिला त्यांनी ताबडतोब बाजूला बसवले. कोणावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही.

मुले गेल्यावर मी भिंतीवरच्या त्या गुंडाळीकडे बोट दाखवले. "यावर काय लिहिलं आहे?"

मास्तर थोडे घुटमळले. "मला जपानी वाचता येत नाही, काका. माझ्या सरांनी दिली. नऊशे वर्षांचं त्यांनीच सांगितलं होतं."

"आणि त्यांना?"

"त्यांना त्यांच्या सरांनी."

तीन पिढ्या निष्ठेने चालत आलेली ती एक थाप होती, आणि माझ्यासमोरचा माणूस थापाड्या नव्हता. मी वाचलेले सारे त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "काका, हे काढलं तर पोरं येतील का हो?"

या प्रश्नाला माझ्या दप्तरात उत्तर नव्हते. मी त्यांना आंब्याची गोष्ट सांगितली. हापूसची कोय पेरून हापूस होत नाही, झाडावरची काडी घेऊन कलमच बांधावे लागते. काडी कोणत्या झाडाची, हे बागायतदाराला ठाऊक असते. म्हणून तर कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरचा आंबा 'रत्नागिरी'च्या खोक्यात घालून विकणारे आहेतच. पण रायवळ काय गोड नसतो? आपण लहानपणी पाटीभर चोखले ते रायवळच. रायवळ रायवळ म्हणून विकावा, एवढेच.

वाचकहो, तुमच्याही मुलांना असा वर्ग लावायचा असेल, तर तीन गोष्टी विचारा. तुमचे गुरू कोण, आणि ते तुम्हांला शिष्य म्हणून ओळखतात काय? तुमच्या शाळेची सर्वांत जुनी नोंद कोणती, आणि ती तुमच्या घराबाहेर कोठे सापडते? आणि ज्ञानासाठी पैसे घेता की गुपितासाठी? शेवटी तासभर कोपऱ्यात बसून मुले पडतात कशी, ते पाहा.

दिवाळीनंतर नवे पत्रक निघाले. 'कराटे. मूळ ओकिनावाचे' असे त्यावर होते. खाली मास्तरांच्या गुरूंचे नाव आणि ते कोठे, किती वर्षे शिकले, एवढेच. शिबिर भाट्याच्या वाळूत झाले, तेही विनाशुल्क. मास्तरांचे नुकसान मात्र झाले. चार मुले वर्ग सोडून दुसरीकडे गेली; तिथली परंपरा म्हणे हजार वर्षांची आहे!

आमची नात राहिली. परवा फराळाचे डबे भरताना तिने मला विचारले, "आजोबा, आपलं घराणं किती जुनं?"

"माझ्या पणजोबांपर्यंतच्या नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत," मी म्हणालो, "त्यामागचं सगळं सांगोवांगी."

"ओस!" ती म्हणाली आणि चकली तोंडात टाकून पळाली.