दिवा डिपरवरच होता!

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या जुन्या मोटारसायकलच्या हेडलाइटमधला हॅलोजन बल्ब काढून त्याच जागी एलईडीचा बल्ब बसवला. खाचा जुळल्या, पांढराशुभ्र उजेड पडला, मी खूश झालो. त्याच रात्री समोरून येणारा एक सायकलस्वार डोळ्यांपुढे हात धरून रस्त्याच्या कडेला उतरला. खडीवर त्याचे चाक घसरले, थोडक्यात वाचला. "डिपर द्या की राव!" तो ओरडला. दिवा डिपरवरच होता.

असे का व्हावे? हॅलोजन बल्ब एका वॉटमागे वीस-पंचवीस ल्यूमेन प्रकाश देतो, तर एलईडी शंभराच्या आसपास. पण खरा प्रश्न उजेड किती, हा नाही. तो कोठे जातो, हा आहे.

अन्वस्ताकार परावर्तकाच्या नाभीपाशी दिवा ठेवला की परावर्तित किरण अक्षाला समांतर निघतात, हे आपण वर्गात शिकवतोच. हेडलाइटच्या नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तंतू असतात. अप्परचा तंतू नाभीपाशी येतो. डिपरचा तंतू नाभीच्या किंचित पुढे, काचेच्या बाजूला असतो आणि त्याच्या खाली धातूची एक चिमुकली वाटी असते. या वाटीमुळे डिपरचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली रस्त्याकडे वळतो. खालच्या अर्ध्या भागावर तो पडला असता, तर तेथून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. गेलेला बल्ब टाकून न देता ही वाटी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी. इतक्या स्वस्त वस्तूत इतका विचार क्वचितच आढळतो.

एलईडीच्या बल्बमध्ये तंतू नसतो. एका पट्टीवर चिपा बसवलेल्या असतात. पट्टीला जाडी असते, शिवाय प्रत्येक चिप आपल्या तोंडासमोरच प्रकाश फेकते. माझ्या बल्बमध्ये तर वाटीच नव्हती. चांगल्या बनावटीच्या बल्बांत चिपा तंतूच्या जागी आणून खाली आडोसाही देतात, पण थोडासा फरकही किती महागात पडतो ते पाहा. समजा, परावर्तकाचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर आहे आणि चिप ठरलेल्या जागेपेक्षा १ मिलिमीटर खाली बसली. मग परावर्तकाच्या मध्यावरून येणारा किरण १/२५ रेडियन, म्हणजे सुमारे २.३ अंश वर उचलला जातो. २५ मीटर अंतरावर हा फरक होतो तब्बल १ मीटर! गुडघ्या-मांडीपर्यंत पोचायचा उजेड थेट डोळ्यांपर्यंत जातो. (कारखान्यातूनच एलईडीचा हेडलाइट घेऊन आलेल्या गाडीला हे लागू नाही, तिचा परावर्तक किंवा भिंग चिपेच्या मापानेच आखलेले असते.)

हे तपासायला उपकरण लागत नाही. सपाट जमिनीवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करावी, वर नेहमीच्या वजनाचा माणूस बसवावा आणि हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. डिपरच्या उजेडाची वरची कड रेघेच्या पाच-सात सेंटिमीटर खाली, बऱ्यापैकी स्पष्ट दिसायला हवी. माझ्या भिंतीवर कड नव्हतीच. उजेड पार खिडकीच्या छज्जापर्यंत पसरला होता.

जुना बल्ब परत बसवला. पण मुळात त्याचा उजेड पिवळट आणि मंद का, हे पाहायचे राहिलेच होते. इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.५ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.१. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड तीस टक्क्यांनी घटतो. होल्डरच्या पत्र्या गंजल्या होत्या आणि अर्थची तार सैल होती. पॉलिश पेपर आणि पाना, एवढ्यावर काम भागले.