संगणकातला गाळ

खडकवासल्यात राहणाऱ्या माणसाला गाळ म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं, की काठावरचा गाळ उघडा पडतो. पाणी असताना तो दिसत नाही, जागा मात्र खातच असतो. घरच्या संगणकातही असाच गाळ साठतो, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

झालं असं, की एक लांबलचक पत्र टाइप करून 'सेव्ह' करायला गेलो, तर संगणक म्हणाला, जागा शिल्लक नाही! 'सी ड्राइव्ह'ची पट्टी लाल झालेली. माझा संसार केवढा? थोडी पत्रं आणि घरातल्या कार्यांचे फोटो. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही काय ठेवलंय ते राहू द्या. संगणकानं स्वतःहून काय उतरवून घेतलंय ते बघा." दोष माझाच होता. वर्षानुवर्षं मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

संगणकाचा सगळा कारभार ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे घरोघरी असते ती बहुधा 'विंडोज'. तिच्यासाठी इंटरनेटवरून दोन प्रकारचा माल येतो. एक म्हणजे दर महिन्याच्या दुरुस्त्या, आणि दुसरा म्हणजे प्रणालीची अख्खी नवी आवृत्ती. आपण दुसरं काम करत असताना हा माल मागच्या दारानं गुपचूप उतरतो. बसवून झाल्यावरही त्याची खोकी घरातच पडून राहतात.

यावरून मोठा वाद झाला तो २०१५ साली. २९ जुलैला 'विंडोज १०' आली आणि जुनी 'विंडोज ७' किंवा '८.१' वापरणाऱ्यांना ती वर्षभर फुकट देऊ केली गेली. पण ज्यांनी मागणी केली नव्हती, अशा अनेकांच्या संगणकांवरही तिच्या फायली आधीच येऊन पडल्या. त्या होत्या साडेतीन ते सहा गिगाबाइटपर्यंतच्या, आणि ठेवलेल्या होत्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. मोजून-मापून इंटरनेट वापरणाऱ्यांना हा भुर्दंडच होता. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक बाईंनी नकोशा बदलामुळे संगणक बिघडल्याचा दावा लावला आणि २०१६ मध्ये दहा हजार डॉलरची भरपाई मिळवली.

आता हा गाळ शोधायचा कसा? 'विंडोज १०' किंवा '११' असेल, तर 'सेटिंग्ज'मध्ये जा, तिथं 'सिस्टीम', मग 'स्टोरेज' आणि त्यात 'टेम्पररी फाईल्स' उघडा. थोडा वेळ मोजदाद होऊन यादी येते आणि प्रत्येक ओळीपुढे तिनं अडवलेली जागा दिसते. 'विंडोज अपडेट क्लीनअप' म्हणजे जुन्या दुरुस्त्यांचे अवशेष, ते खुशाल काढा. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाईल्स' याही काढता येतात. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' म्हणजे आधीची अख्खी आवृत्ती. ती काढली, की मागं परतायची वाट बंद होते. म्हणून नवी आवृत्ती नीट चालतेय ना, हे आधी पाहा.

याच यादीत 'डाउनलोड्स' नावाची एक ओळ असते. तो कचरा नव्हे. आपण स्वतः उतरवून घेतलेली वीजबिलं, दाखले, मुलांचे निकाल तिथंच असतात. त्या चौकटीत खूण करू नका. घाईघाईत सगळ्याच चौकटींवर खुणा केल्या, तर गाळाबरोबर घरातलं सोनंही जायचं.

दुरुस्ती उतरताना अर्ध्यात अडकली असेल, तर आणखी एक जागा पाहावी लागते. 'सी ड्राइव्ह'मधल्या 'विंडोज' फोल्डरात 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' आणि त्याच्या पोटात 'डाउनलोड' असतं. आधी 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' ही सेवा थांबवायची, मग या फोल्डरच्या आतलं सगळं पुसायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. जे खरोखर लागणार आहे, ते संगणक पुन्हा मागवून घेतो. हे काम मात्र जाणकाराला शेजारी बसवूनच करा.

पुन्हा असा लोंढा येऊ नये म्हणून काय करावं? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवत असाल, तर त्या जोडणीच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग बहुतेक मोठे डाउनलोड थांबून राहतात. काही दिवस निवांतपणा हवा असेल, तर 'पॉज अपडेट्स' आहेच.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग अपडेट कायमचेच बंद करून टाकू. तसं करू नका. मार्च २०१७ मध्ये 'विंडोज'मधल्या एका भगदाडावर दुरुस्ती आली होती. ज्यांनी ती बसवली नाही, असे जगभरातले संगणक १२ मे रोजी 'वॉनाक्राय'च्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांची कामं खोळंबली. पुढच्याच महिन्यात 'नोटपेट्या' आला. पसरण्यासाठी त्यानं वापरलेल्या वाटांपैकी एक वाट त्याच भगदाडाची होती. त्याच्या फटक्यानं आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज विस्कटलं. 'विंडोज १०'चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणजे नवी आवृत्ती नको म्हणायचं, तर त्याचीही किंमत समजून म्हणायला हवं.

मी आता एक शिरस्ता ठेवला आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवतो, मग ती यादी उघडून एकेक ओळ वाचतो आणि नको ते काढतो. चहाचा कप संपेपर्यंत काम होतं. दुरुस्त्या मात्र येऊ देतो. पहिल्याच सफाईत इतकी जागा मोकळी झाली, की ते अडलेलं पत्र त्याच संध्याकाळी 'सेव्ह' झालं.