मोफत अँटीव्हायरस : कुंपण आणि शेत

आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात आज जे संगणक आहेत, त्यांपैकी बरेचसे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले आहेत. कोणी नवे घेऊन दिले, कोणी आपल्या कार्यालयातून बदललेले परंतु सुस्थितीतील संच पाठविले. वसतिगृहातील मुले याच संचांवर टंकलेखन शिकतात, शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज भरतात. ऐन मुदतीच्या दिवसांत एक संगणक बंद पडला, तर एखाद्या मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून संगणकाच्या सुरक्षेविषयी माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्याशी चार शब्द बोलावेत, असे आम्हाला वाटले. या लेखाच्या मुळाशी आमची स्वतःची एक चूक आहे, हेही प्रारंभीच सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी भेट मिळालेल्या संचांवर आम्ही एक मोफत अँटीव्हायरस बसविला. हाताशी वेळ थोडा होता. पडद्यावर एकामागून एक चौकटी येत गेल्या आणि आम्ही प्रत्येक वेळी 'नेक्स्ट' दाबत गेलो. आठवडाभरात संगणक मंदावले. ब्राउझर उघडताच अनोळखी शोधपान दिसू लागले, त्याच्या माथ्यावर एक जादा पट्टी आली आणि 'आपल्या संगणकात शेकडो दोष आढळले आहेत' असा लाल इशारा कोपऱ्यात वारंवार झळकू लागला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास बसलेल्या बारावीच्या एका विद्यार्थिनीला वाटले की, संगणक आपल्याच हातून बिघडला. कोणाला सांगण्याचे धैर्य तिला झाले नाही. अर्ज अर्धवट सोडून ती उठून गेली. तिच्या मैत्रिणीने येऊन सांगितले, तेव्हा आम्हाला प्रकार कळला. अर्ज मुदतीत भरला गेला. परंतु आमच्या घाईचा दोष एका निरपराध मुलीने दोन दिवस स्वतःच्या माथी वागविला, ही खंत आम्हाला अजून आहे.

मोफत वस्तूचा खर्च कोण सोसतो?

अँटीव्हायरसचे काम राखणदाराचे आहे. संगणकात येणारी प्रत्येक फाइल तो तपासतो, ज्ञात अपायकारक प्रोग्रॅमच्या खुणांशी ती ताडून पाहतो आणि एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागू लागल्यास त्याला अडवितो. अपायकारक प्रोग्रॅम रोज नव्याने तयार होत असल्यामुळे या खुणांची यादीही रोज अद्ययावत करावी लागते. त्यासाठी तज्ज्ञ माणसे आणि मोठी यंत्रणा लागते. पुण्यात काटकर बंधूंनी उभी केलेली क्विक हील ही कंपनी याच व्यवसायात आहे आणि आपले संरक्षण ती प्रामुख्याने वार्षिक शुल्क घेऊन विकते. जे कोणी हेच काम विनामूल्य देतात, त्यांनाही खर्च चुकलेला नाही. तो अन्य मार्गाने भरून निघतो.

काही कंपन्या मोफत आवृत्ती देऊन पुढे सशुल्क आवृत्ती विकत घेण्याचा आग्रह धरतात. हा मार्ग उघड आहे. दुसरा मार्ग सोबत्यांचा. मुख्य प्रोग्रॅम बसविताना त्याच्या जोडीने एखादा ब्राउझर, शोधपट्टी, 'संगणक वेगवान करणारा' प्रोग्रॅम किंवा अन्य कंपनीची चाचणी आवृत्ती बसविली जाते आणि अशा प्रत्येक स्थापनेमागे मूळ कंपनीला मोबदला मिळू शकतो. शोधपान बदलले की आपल्या प्रत्येक शोधासोबत दिसणाऱ्या जाहिरातींतूनही उत्पन्न मिळते. संगणकशास्त्रात अशा सोबत्यांना 'संभाव्य नकोसे प्रोग्रॅम' म्हणतात. ते बहुधा विषाणू नसतात. कागदोपत्री त्यांना आपण संमती दिलेली असते, कारण चौकटीतील खूण आधीच केलेली होती आणि आपण ती काढली नाही.

एके काळी अविरा या जर्मन कंपनीच्या मोफत अँटीव्हायरससोबत 'आस्क' नावाची शोधपट्टी दिली जात असे. हीच शोधपट्टी ओरॅकल कंपनीच्या जावासोबतही येई. ॲडोबीचा फ्लॅश प्लेअर उतरवून घेताना मॅकॅफीचा सुरक्षा तपासणी प्रोग्रॅम आधीच निवडलेला असे. म्हणजे सुरक्षेचा प्रोग्रॅम कधी यजमान असतो, तर कधी स्वतःच न बोलावलेला पाहुणा.

पाहुणा निरुपद्रवी असतोच असे नाही. एव्हीजी या अँटीव्हायरससोबत 'वेब ट्यूनअप' नावाचे ब्राउझरमधील जोडसाधन बसविले जात असे. डिसेंबर २०१५ मध्ये गुगलच्या एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की, त्यातील दोषांमुळे वापरकर्त्याचा ब्राउझिंगचा इतिहास आणि अन्य खासगी माहिती परक्याच्या हाती पडू शकते. त्या वेळी क्रोम ब्राउझरवर हे साधन वापरणारे सुमारे ९० लाख लोक होते. कंपनीने नंतर दोष दुरुस्त केला. तथापि रक्षणासाठी घेतलेल्या वस्तूच्या सोबत्यानेच दार किलकिले ठेवले होते, ही गोष्ट उरतेच.

त्याहून गंभीर उदाहरण अवास्टचे आहे. प्राग येथील ही कंपनी आपल्या ब्राउझर साधनांतून आणि अँटीव्हायरसमधून वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती गोळा करीत होती आणि जम्पशॉट या उपकंपनीमार्फत ती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हा व्यवहार उजेडात आणला आणि त्याच महिन्यात कंपनीने जम्पशॉट बंद करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टवर कारवाई जाहीर केली. तिच्यानुसार कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले आणि जाहिरातींसाठी ब्राउझिंगची माहिती विकण्यास तिला मनाई झाली. 'आम्ही तुमचा माग काढणाऱ्यांना रोखतो' असे सांगूनच हा माल खपविला गेला होता, हा त्या कारवाईतील मुख्य आक्षेप होता. कुंपणच शेत खाते, या म्हणीचा याहून नेमका अर्थ क्वचितच सापडेल.

मग मोफत संरक्षण घेऊच नये काय?

असे आमचे म्हणणे नाही. महागडी सशुल्क आवृत्ती आपल्यातील प्रत्येक कुटुंबाला परवडणारी नाही आणि सामान्य वापरासाठी तिची गरज असतेच असेही नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत केला आहे. त्यासाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही. दुसरा अँटीव्हायरस बसविला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो आणि तो काढून टाकल्यावर पुन्हा कामाला लागतो. एकाच वेळी दोन अँटीव्हायरस चालवू नयेत. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

डिफेंडरमध्ये सोबत्यांना अडविण्याचीही सोय आहे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' येथे जावे. तेथे 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे की नाही ते पाहावे. विंडोज १० मध्ये ही सोय २०२० च्या मे महिन्यातील अद्ययावत आवृत्तीपासून मिळाली. तिच्याखालील दोन्ही चौकटींत खूण असावी.

कोणताही प्रोग्रॅम घ्यावयाचा झाल्यास तो त्याच्या मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधाच्या निकालांत सर्वांत वर दिसणारा दुवा बऱ्याचदा जाहिरात असतो, हे ध्यानात ठेवावे. बसविताना 'रेकमेंडेड' किंवा 'एक्स्प्रेस' ऐवजी 'कस्टम' अथवा 'ॲडव्हान्स्ड' हा पर्याय निवडावा, कारण सोबत्यांच्या खुणा तेथेच उघड होतात. नको असेल ती खूण काढावी आणि 'डिक्लाइन' हे बटण फिकट अक्षरांत असले तरी शोधून दाबावे.

पाहुणा घरात आलाच असेल, तर 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स'च्या यादीत प्रोग्रॅम तारखेनुसार लावून पाहावेत. ज्या दिवशी त्रास सुरू झाला, त्या दिवसाच्या आसपास आलेली अनोळखी नावे तेथे सापडतात. ती काढून टाकावीत. त्यानंतर ब्राउझरमधील 'एक्स्टेन्शन्स' तपासावीत आणि कोणकोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठविण्याची परवानगी दिली आहे, तेही पाहावे. कोपऱ्यात झळकणारे पुष्कळसे लाल इशारे अशा परवानगीतूनच येतात.

पालकांना आमची विशेष विनंती आहे. नवा लॅपटॉप घेतला की त्यात अनेकदा एखाद्या अँटीव्हायरसची चाचणी आवृत्ती आधीच असते. तिची मुदत संपली की 'आपण असुरक्षित आहात' असे संदेश सुरू होतात. घाबरून पैसे भरण्याची आवश्यकता नाही. चाचणी आवृत्ती काढून टाकावी आणि डिफेंडर चालू झाला आहे याची खात्री करावी. पडद्यावर दूरध्वनी क्रमांक देऊन 'ताबडतोब संपर्क साधा' असे सांगणारा इशारा तर फसवणुकीचाच समजावा. पैसे गेले असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. संगणकाच्या सफाईसाठी भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले.

संचभेट देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मूळ प्रणालीतील भगदाडे बुजविली जात नसतील, तर उत्तम अँटीव्हायरसही अपुरा पडतो. म्हणून भेट देण्यापूर्वी तो संच नवी आवृत्ती पेलू शकतो का, ते तपासावे; न पेलल्यास लिनक्सची एखादी विनामूल्य प्रणाली घालून दिली तरी आमचे काम उत्तम चालेल.

त्या प्रसंगानंतर संगणक कक्षात आम्ही एक नियम केला. नवा प्रोग्रॅम बसविताना दोघांनी बसावयाचे. एकाने प्रत्येक चौकटीतील मजकूर मोठ्याने वाचावयाचा आणि दुसऱ्याला तो समजला, तरच बटण दाबावयाचे. इंग्रजी शब्द अडला तर शब्दकोश काढावयाचा. यात वेळ जातो. परंतु आता पडद्यावर लाल इशारा दिसला, तर आमची मुले गुपचूप उठून जात नाहीत. ती हात वर करतात आणि विचारतात, "सर, ही खूण कोणी केली?"